माझ्या मोऱ्या, राजन्नाच्या गोष्टी

मोरीच्या घाणीचा मला कधी त्रास झाला नाही. त्रास झाला तो राजन्नाचा.

मी आदिलाबादच्या बल्दियात सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. बल्दिया म्हणजे नगरपालिका. निजामाच्या वेळचा हा शब्द आमच्याकडे अजून लोकांच्या तोंडात आहे. तेव्हा आमचा जिल्हा आंध्र प्रदेशात होता आणि दफ्तरातलं सगळं कामकाज तेलुगूत चालायचं. मी तामसीकडच्या एका खेड्यातला. आईवडील दुसऱ्याच्या शेतात राबले, आम्हा भावंडांना शिकवलं. शाळा सगळी मराठीत. हैदराबादला ट्रेनिंगला गेलो तेव्हा पहिल्यांदा तेलुगूशी नीट गाठ पडली, आणि ती गाठ शेवटपर्यंत सैलच राहिली. बाजारातून कांदे आणण्यापुरती तेलुगू मला यायची. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं की माझी जीभ टाळूला चिकटायची.

राजन्ना निर्मलचा. त्याचे काका लाकडी खेळणी रंगवायचे. तो आणि मी एकाच सुमारास रुजू झालो, एकाच पायरीवर. शहराचा अर्धा भाग त्याच्याकडे, अर्धा माझ्याकडे. वयानं मी थोडा मोठा, म्हणून तो मला अन्ना म्हणायचा. तेलुगू त्याची आईची भाषा, हिंदी हैदराबादी, आणि मराठी अशी मोडकी की ऐकणाऱ्याला हसू यावं. पण त्या मोडक्या मराठीतही लोक त्याचं ऐकायचे. माझ्या धड मराठीत ऐकायचे नाहीत.

आमचं काम काय होतं ते आधी सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की मोरीवाला म्हणजे झाडू मारून घेणारा. शहरात दोन पाणी असतात. एक घरातलं, दुसरं आभाळातलं. आभाळातलं पाणी वाहून न्यायला रस्त्याच्या कडेनं मोऱ्या असतात, दुकानांपुढं त्यांच्यावर फरशा टाकलेल्या असतात. त्या मोऱ्या जाऊन नाल्याला मिळतात आणि नाला पुढं शेतांतून, गावांतून जातो. मध्ये कुठं गाळणी नाही, टाकी नाही. फरशीच्या फटीतून जे आत पडलं ते जसंच्या तसं खालच्या गावात पोचतं. लोकांना मात्र वाटतं, मोरीत टाकलं म्हणजे संपलं. जळकं ऑइल टाकतात, रंग टाकतात, ॲसिड टाकतात. आणि मग कुणीतरी धावत बल्दियात येतं: साहेब, नाल्याला फेस आलाय.

अशा वेळी तीन प्रश्न असतात. काय आलं, कुठून आलं, कुठं चाललं. नवा माणूस आधी कुठून ते शोधायला धावतो, कारण त्याला कुणालातरी पकडायचं असतं. आम्ही आधी कुठं चाललं ते बघायचो. पाण्याच्या मागं धावून उपयोग नसतो, त्याच्या पुढं जाऊन उभं राहावं लागतं. नाल्याच्या तोंडाशी गोण्या रचायच्या आणि फटींत आमच्या भागातली काळी माती दाबायची. कापूस पिकवणारी ही माती भिजली की अशी चिकटते की थेंब सुटत नाही. पाणी अडलं की मग वर चालत जायचं. प्रत्येक जोडावर फरशी उचलायची, काठीला बांधलेलं पांढरं फडकं दोन्ही फाट्यांत बुडवायचं. जे फडकं डागेल तो फाटा धरायचा. असं करत करत शेवटी एका घराच्या, दुकानाच्या मोरीशी पोचतो आपण. हे काम मला आवडायचं. आणि खरं सांगतो, हे मला राजन्नापेक्षा चांगलं जमायचं.

त्याला काय जमायचं ते लाल पाण्याच्या वेळी कळलं.

एका सकाळी जुन्या बाजाराच्या मागच्या मोरीतून लाल पाणी वाहू लागलं. पातळ, चकचकीत लाल. तासाभरात गल्लीत माणसं जमली. कुणी म्हणालं खून झाला, कुणी म्हणालं देवीचा कोप आहे. एका बाईच्या अंगात आलं. पोलीस आला आणि त्यानं मला विचारलं, रक्त आहे काय? मी फडकं बुडवलं, वास घेतला, बोटांत चोळलं. रक्त सुकलं की काळपट पडतं, हे गुलाबी पडत होतं. मी एकटा वर चालत गेलो, फरशीमागून फरशी. गर्दी माझ्या मागं मागं, पण जरा अंतर ठेवून. शेवटचा फाटा एका अंगणात शिरला. तिथं दोरीवर ओळीनं लाल कोट वाळत होते, सोनेरी बटणांचे. लग्नाचा हंगाम तोंडावर आला होता आणि बँडवाल्यानं सगळ्या वाजवणाऱ्यांचे कोट नव्यानं रंगवून धुवायला काढले होते. एवढी गर्दी बघून बिचारा घाबरला. हातातला ओला कोट छातीशी धरून म्हणाला, "साहेब, रंग पक्का हाय म्हणला होता दुकानदार."

मी त्याला समज दिली, मोरी धुवून घेतली, दफ्तरात येऊन दोन ओळी लिहिल्या आणि जेवायला घरी गेलो. संध्याकाळी चहाच्या टपरीवर गेलो तर राजन्ना ही गोष्ट सांगत होता. तो तिथं नव्हताच त्या सकाळी. पण त्याच्या गोष्टीत बँडवाला कोट घालूनच पळत होता, पोलिसानं त्याला रक्तानं माखलेला खुनी समजून धरलं होतं, आणि सुटका व्हावी म्हणून त्यानं जागच्या जागी क्लॅरोनेट वाजवून दाखवली होती. टपरीवरचे लोक हसून हसून वाकले होते. मला बघून राजन्ना म्हणाला, "ये देखो, वानखेडे अन्ना! पूछो इनकू, सच है के नै?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "कोट दोरीवर होते."

कुणी हसलं नाही. माझाच चहा थंड झाला.

तेव्हापासून असंच होत गेलं. माती माझ्या नखांत आणि नाव त्याचं. नवीन कमिशनर आले की त्यांना आधी राजन्नाचं नाव कळायचं. लोक तक्रार घेऊन यायचे तर दारात विचारायचे, राजन्ना सार आहेत का? माझ्या भागातले लोकसुद्धा. घरीही सुटका नव्हती. माझी बायको मंदा मराठी शाळेत शिक्षिका. दिवसभर पोरांना शिकवून दमून यायची, माझ्याशी भाजीपाल्याचं बोलायची. पण राजन्ना आला की पदर खोचून चहा टाकायची, आणि आतून तिचं हसू ऐकू यायचं. एकदा तो गेल्यावर ती सहज बोलून गेली, "राजन्नाभाऊ आले की घरात कसं उजेड पडल्यावानी वाटते."

मी म्हणालो, "बल्ब मीच आणतो घरात."

"तुमी काऊन चिडून राह्यले? मी काय वाईट बोलली?"

ती काही वाईट बोलली नव्हती. तेच तर दुखत होतं.

आता पोळ्याचं सांगतो.

त्या साली पोळ्याच्या आदल्या रात्री चांगला पाऊस झाला. सकाळी आमची मुकादम लच्छव्वा धापा टाकत आली. लच्छव्वा म्हणजे माझ्या सफाई कामगारांच्या टोळीची प्रमुख, उंच, हडकुळी बाई, तिला वासाचं भान फार. म्हणाली, बाजारामागच्या मोरीत दूध चाललंय आणि त्याला लसणासारखा वास येतोय. मी चप्पल घालता घालताच समजलो. कापसावर फवारायची काही औषधं पाण्यात पडली की पाणी दुधासारखं पांढरं होतं.

पावसाचं पाणी एका औषध दुकानदाराच्या गोदामात शिरलं होतं. मोठे डबे आडवे पडून फुटले होते. आणि गोदाम साफ करणाऱ्या माणसानं पाइप लावून सगळं मोरीत लोटून दिलं होतं, पहाटेपासून. दुकानदार मला म्हणाला, "पाणीच तर टाकलं साहेब." मी त्याच्याशी बोलत बसलो नाही. नळ बंद करवला, औषधाचा एक रिकामा डबा पिशवीत टाकला आणि नाल्याकडं निघालो. लच्छव्वाची टोळी गोण्या घेऊन आधीच पोचली होती. बंधारा उभा राहू लागला. पण नाल्यात पुढं पाहिलं तर पाणी आधीच पांढुरकं झालेलं, आणि कडेला मासे पांढरी पोटं वर करून पडलेले. म्हणजे पहिला लोट निघून गेला होता.

खाली नाल्याकाठी बोरगुडा नावाचं गाव आहे. कापूस, ज्वारी करणारी मराठी माणसं. आणि दिवस पोळ्याचा. त्या सकाळी गावातले सगळे बैल कुठं असणार? नाल्यात. धुवायला.

राजन्नाही तोवर आला होता. मला म्हणाला, "अन्ना, मैं जातूं. आप इदर देखो."

इथं माझ्या मनात काय आलं ते लिहितो. मला वाटलं, नाही. हे गाव मराठी आहे. इथं तुझी तेलुगू चालायची नाही. आज लोक माझं ऐकतील. मी म्हणालो, "माझे लोक आहेत ते. मी जातो." आणि माझी लुना काढली. वाटेत पशुवैद्यकीय दवाखान्यात थांबलो, औषधाचा डबा डॉक्टरला दाखवला आणि मागून या म्हणून सांगितलं. मग चिखलातून गाडी हाणत बोरगुड्याला पोचलो.

नाला बैलांनी भरला होता. शिंगं नुकती रंगवायला घेतलेली, काहींच्या गळ्यात घुंगरं. माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून बैलांच्या पाठी नारळाच्या शेंड्यांनी घासत होती. मी काठावरून ओरडलो, "बैल बाहेर काढा! पाण्यात विष आहे!"

सगळ्यांनी मान वर केली. एक म्हातारा, पुढं कळलं त्याचं नाव गणपतबावा, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "काऊन? सणाच्या दिवशी बैल धुवू नोको म्हंता?"

"बावा, शहरातून औषध वाहून आलंय. मी बल्दियाचा इन्स्पेक्टर आहे."

"बल्दिया शयरात. हा नाला आमचा हाय. वर्षभर तुमची घाण आमच्याकडं सोडता, तवा कोनी नाही आलं सांगाले. आज सण हाय तर आले?"

तो खरं बोलत होता. मी पुन्हा समजावू लागलो. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "कोनाचा हाय हा साहेब?" दुसऱ्यानं माझं आडनाव सांगितलं, तामसीकडचं माझं गाव सांगितलं. आमच्या भागात आडनाव आणि गाव सांगितलं की बाकीचं सांगावं लागत नाही. माझ्याकडं बघणारे डोळे जरासे बदलले. ती नजर मी लहानपणापासून ओळखतो. एकजण हळूच म्हणाला, "ह्यायले आपल्या सणाचं काय?" आणि पुन्हा बैल घासायला लागला.

मी पाण्यात उतरलो. एका बैलाची वेसण धरून ओढू लागलो. त्याच्या मालकानं माझा हात झटकला. मी भाषेनं त्यांचा होतो, पण त्यांना मी त्यांचा वाटत नव्हतो.

तेवढ्यात रस्त्यावर भोंगा वाजला. बल्दियाचा पिण्याच्या पाण्याचा टँकर चिखलात डुलत येत होता. दाराच्या पायरीवर डोक्याला टॉवेल गुंडाळून राजन्ना उभा होता आणि गळा फाडून ओरडत होता, "बैलराजाकू नहलाने वास्ते बल्दिया का पानी आया! मीठा पानी! इदर आव, इदर आव!"

टँकर काठावर थांबला. राजन्नानं खाली उडी मारली, सरळ पहिल्या बैलापुढं गेला आणि चिखलात लोटांगण घातलं. उठून त्याच्या कपाळाला हात लावत त्याच्या त्या मराठीत म्हणाला, "मामा, तो पानी आज खराब हाय. तुमी आमचा पाव्हना हाय. चला, नळाचा पानी मदी आंगोळ करा." मग पाइप सोडून बैलाच्या पाठीवर धार धरली. बैलानं कान हलवले. बाया हसायला लागल्या. एकानं बैल बाहेर काढला, मग दुसऱ्यानं, आणि बघता बघता सगळी रांग टँकरपुढं लागली. कुणाचा नंबर आधी यावरून भांडणं सुरू झाली.

मी नाल्यात उभा होतो, कमरेपर्यंत भिजलेला.

मी लोकांना फक्त नको म्हणत होतो. राजन्नानं त्यांना या म्हटलं. एवढाच फरक होता, आणि तो मला सुचला नव्हता. शिवाय राजन्नाची जात त्यांना कळत नव्हती. हाही त्याचा एक फायदा. या दोन्ही गोष्टी मी तेव्हाच मनात तोलून पाहिल्या आणि दुसरीला जास्त वजन दिलं, कारण तिनं मला बरं वाटत होतं.

गणपतबावाचा एक बैल मात्र आधीच पाणी प्यायला होता. त्याच्या तोंडातून लाळेची तार सुटली, पाय थरथरू लागले आणि तो काठावर बसला. म्हातारा एकदम वाकला. मघाचा त्याचा ताठा कुठल्या कुठं गेला. मी बैलाचं डोकं मांडीवर घेतलं, लाळ पुसत राहिलो. डॉक्टर स्कूटरवर आला. डबा आधीच पाहिला असल्यामुळं त्यानं नेमकं इंजेक्शन आणलं होतं. एक दिलं, थांबला, पुन्हा दिलं. दुपार होईपर्यंत मी तिथून हललो नाही. माझे पाय बधिर झाले. तिकडं टँकरपाशी हशा चालू होता, राजन्ना कुणालातरी निर्मलच्या लाकडी बैलांची गोष्ट सांगत होता. उन्हं कलली तेव्हा बैलानं मान उचलली, गवताला तोंड लावलं, आणि मग धडपडत उभा राहिला.

गणपतबावानं बैलाच्या अंगावरून हात फिरवला. डोळे पुसले. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "साहेब, तुमचा तो तेलंगी मानूस लई चांगला हाय बरं."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्या पोळ्यात बोरगुड्याचा एकही बैल दगावला नाही. संध्याकाळी तोरणाखाली बैलांची रांग लागली, तेव्हा गावानं राजन्नाच्या गळ्यात हार घातला. मलाही नारळ दिला. पुढच्या प्रजासत्ताक दिनाला मैदानावर राजन्नाचा सत्कार झाला. मी आणि मंदा प्रेक्षकांत होतो. त्याचं नाव पुकारलं तसं सगळं मैदान टाळ्या वाजवू लागलं, मंदा तर उभी राहून. घरी येताना तिनं विचारलं, "तुमी टाळ्या काऊन नाही वाजवल्या?"

"हातात पिशवी होती."

"पिशवी माझ्या हातात होती," ती म्हणाली.

थोड्याच दिवसांनी राजन्नाला बढती मिळाली आणि बदली होऊन तो वरंगलला गेला. निरोपाला त्यानं मला मिठी मारली, रडला. मी त्याच्या पाठीवर थोपटलं. मनात म्हटलं, सुटलो. आता जे करीन ते माझं.

पण झालं भलतंच. लोक दारात येऊन विचारायचेच, राजन्ना सार कधी येणार? मी मोरी अडवावी, फडकी बुडवावी, चोर शोधून काढावा, आणि संध्याकाळी टपरीवर शांतता. कुणी काही सांगतच नव्हतं. माझ्या कामाच्या गोष्टी चोरणारा गेला आणि त्यांच्या गोष्टीच होईनात. मला वाटायला लागलं की मी रोज काहीतरी करतोय आणि ते मोरीतल्या पाण्यासारखं वाहून जातंय. तेव्हाही मला त्याचा हेवाच वाटायचा. वरंगलचे लोक हसत असतील म्हणून.

मग पेट्रोलचा टँकर उलटला.

नागपूर रस्त्याच्या वळणावर, शहराच्या कडेला. खाली उतारावर मजुरांची वस्ती, बहुतेक तेलुगू बोलणारी. वेळ संध्याकाळच्या स्वयंपाकाची. पेट्रोल रस्त्याच्या कडेच्या मोरीत शिरलं आणि वस्तीच्या मधोमध, घरांच्या उंबऱ्याखालून फरशांच्या आत वाहू लागलं. मी पोचलो तेव्हा प्रत्येक फटीतून वाफ येत होती, डोळे चुरचुरत होते. आणि लोक बादल्या, घागरी, स्टोव्हचे डबे घेऊन फटींतून पेट्रोल उपसत होते. मागं घराघरांत चुली पेटलेल्या.

पेट्रोलच्या वेळी आमचं सगळं काम उलटं होतं. फरशी उचलायची नाही, कारण पहार दगडावर घासली की ठिणगी. मागोवा घ्यायचा नाही. वाफ आत दाबून ठेवायची आणि आग लांब ठेवायची, बस. मी बल्दियाच्या गाडीच्या ड्रायव्हरला रस्ता अडवायला वर पाठवलं. लच्छव्वाला टोळी घेऊन वस्तीच्या खालच्या टोकाला पाठवलं, तिथं मोरीत ओली काळी माती ठोसून बूच मारायला. अग्निशामक बंब निघाला होता, पण पोचला नव्हता. माझ्यासोबतचे तेलुगू बोलणारे सगळे कामाला लागले होते. उरलो मी, आणि नळाच्या पाण्याची वेळ पुकारायला आम्ही वापरायचो तो कर्णा.

मी चढावर उभा राहिलो. लोकांना सांगायचं होतं, चुली विझवा. तेलुगूत आगीला निप्पु म्हणतात, मला माहीत होतं. विझवा म्हणजे आर्पंडि, तेही माहीत होतं. पण घाईत शब्द घसरला. मी जिवाच्या आकांतानं कर्ण्यात ओरडू लागलो, "उप्पु आर्पंडि! उप्पु आर्पंडि!"

उप्पु म्हणजे मीठ. मीठ विझवा, मीठ विझवा, असं मी अख्ख्या वस्तीला सांगत होतो.

पेट्रोल उपसणारी एक बाई थांबली. तिनं शेजारणीकडं पाहिलं. दोघी हसायला लागल्या. त्यांनी इतरांना हाक मारली. घरांतून बाया बाहेर आल्या, कुणाच्या हातात कलथा, कुणाच्या हाताला पीठ. पुरुषांनी बादल्या खाली ठेवल्या. सगळे माझ्याकडं बघून खिदळत होते. मला वाटलं, हे लोक मला जुमानत नाहीत. बोरगुड्याची सकाळ डोळ्यांपुढं आली. मी आणखी मोठ्यानं ओरडलो, "उप्पु आर्पंडि!"

एक म्हातारी पुढं आली. तोंडात एकही दात नसेल. विचारते, "उप्पु एट्ल आर्पाले, सारू?" मीठ कसं विझवायचं, साहेब? मी नुसताच हात हलवत होतो. तेव्हा ती घरात गेली, मूठभर मीठ घेऊन आली, माझ्यासमोर दगडावर ठेवलं आणि त्यावर तांब्यानं पाणी ओतलं. ते विरघळलं तशी हात झटकून म्हणाली, "आर्पिना!" विझवलं.

वस्ती हसून लोळायची बाकी होती. आणि मला एकदम कळलं. मी तिच्या मागं, तिच्या घरातल्या धुराकडं बोट दाखवलं आणि कर्णा टाकून देऊन म्हणालो, "निप्पु. अम्मा, निप्पु."

तिचं हसू तोंडावरच थांबलं. तिनं नाकानं एकदा हवा ओढली. मग अशी किंचाळली की कर्ण्याची गरज उरली नाही. बाया धावल्या, घराघरांतून चुलीवर पाणी पडल्याचा चर्र आवाज आला, धूर पांढरा झाला. मी हातांनी खुणा करत सांगितलं, गोणपाटं भिजवून फटींवर टाका. टाकली. मी सांगितलं, सगळे चढावर या. आले. बादल्या तिथंच ठेवून आले. सगळी वस्ती माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली आणि ती म्हातारी माझा दंड धरून.

थोड्या वेळानं खालच्या टोकाला, बुचाच्या पलीकडं, भक्कन आवाज झाला. जे पेट्रोल आधीच पुढं निघून गेलं होतं ते मोकळ्या माळावर पेटलं होतं. कशानं ते कळलं नाही. ज्वाळा ताडाएवढी उठली. लच्छव्वाची टोळी तिथून नुकतीच बाजूला झाली होती. आग मोरीच्या तोंडापर्यंत पळत आली, मातीच्या बुचाशी थांबली, तिथंच फडफडत राहिली. बुचाच्या अलीकडं घरं होती. अग्निशामक बंब आला, फेस मारला, आग विझली. तोवर म्हातारीनं माझा दंड सोडला नव्हता.

घरी येऊन मंदाला सांगितलं. पहिल्यांदा ती घाबरली. मग मिठाचं ऐकून जी हसत सुटली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझ्या बोलण्यावर ती अशी कधी हसली होती मला आठवत नाही. म्हणाली, "राजन्नाभाऊले सांगा. उद्याच फोन करा."

मला ते आधीच सुचलं होतं. चढावर उभा असतानाच मला वाटलं होतं, हे बघायला राजन्ना पाहिजे होता. एवढी वर्षं ज्याच्यापुढं मी झाकोळून राहिलो, त्याच्याशिवाय हे कुणाला दाखवावं तेच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एस.टी.डी. बूथवरून वरंगलच्या दफ्तरात फोन लावला. सांगायला लागलो, जसं झालं तसं, माझ्या पद्धतीनं, फुलं न लावता. राजन्ना ऐकत होता. उप्पुपाशी मी जरा थांबलो. तर म्हणाला, "फिर? फिर क्या हुआ, अन्ना?" मी म्हातारीचं सांगितलं, मिठावर पाणी ओतल्याचं. तो हसला नाही. आगीचं सांगितलं. त्यानं श्वास सोडलेला मला ऐकू आला. मग म्हणाला, "अन्ना, मेरेकू तो निप्पु बोलना आता. मैं बोलता तो कोई बाहर नै आता था." म्हणजे शब्द बरोबर आला असता, तर हसायला कुणी बाहेर आलं नसतं, बादल्याही कुणी खाली ठेवल्या नसत्या.

मग हसायला लागला. इतका हसला की त्याच्या दफ्तरातली माणसं काय झालं विचारू लागली. मी कानाला फोन लावून ते हसू ऐकत राहिलो.

हसून झाल्यावर म्हणाला, "अन्ना, ये कहानी मेरेकू दे दो."

"नाही," मी म्हणालो.

"अरे, आप किदर सुनाते? मैं सुनाऊंगा. अच्छा सुनाऊंगा."

"नाही. ही माझी आहे."

आता आम्ही दोघंही रिटायर झालो. राजन्ना वरंगललाच घर बांधून राहतो. तिकडच्या टपरीवर त्यानं ही गोष्ट कधीच सांगून टाकली असेल, आणि त्याच्या गोष्टीत कर्णा त्याच्याच हातात असेल, म्हातारीनं त्याच्या गळ्यात हार घातला असेल, याबद्दल मला शंका नाही. तो ती माझ्यापेक्षा चांगली सांगत असणार, हेही मला माहीत आहे. म्हणून दिवाळी अंकवाल्यांनी विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. छापून आलेलं बदलता येत नाही. मजुरांच्या त्या वस्तीत चढावर उभं राहून मीठ विझवा म्हणून ओरडणारा माणूस मी होतो. राजन्ना नव्हे.